पंपिंग साठ टक्के, तरी दम का लागतो? मधुमेह आणि टूडी इको : वाचकांचे प्रश्न

मधुमेहात हृदयाचं काम कसं तपासायचं, याबद्दल आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांसोबत टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट जोडलेला होता आणि त्यातल्या एकाच ओळीभोवती पेनाने गोल केलेला होता : एलव्हीईएफ (थोडक्यात ईएफ), म्हणजे बोलीभाषेतलं 'पंपिंग'. मधुमेह असणाऱ्यांनी त्या एका ओळीवर थांबणं बरं नाही, म्हणून यावेळचं सदर नेहमीपेक्षा लांबलं आहे. उत्तरं हृदयरोगतज्ज्ञ आणि इको करणारे तंत्रज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत. दिलेले आकडे प्रौढांसाठीचे आहेत.

प्रश्न : आई ६१ वर्षांची. १४ वर्षांपासून मधुमेह, बीपीची एक गोळी चालू. एक जिना चढली की धाप लागते. अलीकडे रात्री एका उशीवर झोपवत नाही, दोन घ्याव्या लागतात. इको केला तर 'पंपिंग ६० टक्के, नॉर्मल' असं सांगितलं. मग उरलेलं ४० टक्के हृदय बंद आहे का? आणि सगळं नॉर्मल असेल तर धाप कशाची? – एक वाचक, सोलापूर

उरलेलं ४० टक्के बंद नाही. हृदयाचा डावा खालचा कप्पा पूर्ण भरला की त्यात समजा १०० मिली रक्त आहे. एका ठोक्याला त्यातलं ६० मिली महाधमनीत ढकललं जातं, ४० मिली आत राहतं. निरोगी हृदयातही ते राहतंच. पुरुषांत ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ टक्के ईएफ नॉर्मल धरतात. शंभर टक्के कुणाचंही नसतं.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. हृदयाला दोन कामं असतात : आकसून रक्त पुढे ढकलणं आणि नंतर सैल पडून नवं रक्त भरून घेणं. ईएफ फक्त पहिल्या कामाचं माप देतो. मधुमेहात अनेकदा दुसरं काम आधी बिघडतं. स्नायू सैल पडणं आपोआप होत नाही. प्रत्येक ठोक्यानंतर पेशीत मोकळं झालेलं कॅल्शियम परत कोठारात ओढून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होते. मधुमेही हृदय ऊर्जेसाठी साखरेपेक्षा चरबीवर जास्त अवलंबून राहतं. त्यात प्राणवायू जास्त लागतो आणि कॅल्शियम ओढण्याचा वेगही मंदावतो. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की स्नायूंमधले कोलॅजेनचे धागे साखरेमुळे एकमेकांना चिकटतात, तंतूंचं जाळं वाढतं, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. कप्पा ताठर होतो. असा कप्पा भरायचा तर मागून जास्त दाब लागतो. तो दाब आधी डाव्या वरच्या कप्प्यावर येतो आणि तिथून फुफ्फुसांवर. जिना चढताना ठोके वाढतात, भरायला मिळणारा वेळ कमी होतो आणि धाप लागते. आडवं झाल्यावर पायांतलं रक्त छातीकडे येतं, म्हणून दुसरी उशी लागते.

ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. १९७२ साली रुबलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांच्या शवविच्छेदनातून दाखवलं की, हृदयाच्या धमन्यांत मोठा अडथळा नसतानाही मधुमेहात हृदय निकामी होऊ शकतं. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या दीर्घ पाहणीतून पुढे आलं की, मधुमेह असलेल्या पुरुषांत हार्ट फेल्युअरचं प्रमाण दुपटीहून अधिक आणि स्त्रियांत पाचपट आहे. बाईला धाप लागली की 'वजन वाढलंय, वय झालंय' म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे सवय आहे. हा आकडा त्यासाठी लक्षात ठेवावा.

आता रिपोर्ट पुन्हा हातात घ्या आणि चार गोष्टी शोधा. पहिली, ई प्राइम : मायट्रल, म्हणजे डावीकडच्या दोन कप्प्यांमधल्या, झडपेच्या कड्याजवळचा स्नायू किती वेगाने सैल पडतो, त्याचं माप. मधल्या पडद्याच्या बाजूला सेकंदाला ७ सेंमीपेक्षा किंवा बाहेरच्या भिंतीला १० सेंमीपेक्षा कमी असेल तर स्नायू मंद आहे. दुसरी, ई भागिले ई प्राइम (ई म्हणजे खालचा कप्पा भरू लागताना मायट्रल झडपेतून येणाऱ्या रक्ताचा वेग) : सरासरी १४ च्या वर गेली तर भरण्याचा दाब वाढलेला असण्याची शक्यता मोठी. तिसरी, डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमान : शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे ३४ मिलीच्या वर म्हणजे तो कप्पा बरेच दिवस दाब सोसतो आहे. चौथी, ट्रायकस्पिड, म्हणजे उजवीकडच्या दोन कप्प्यांमधल्या, झडपेतून उलट येणाऱ्या रक्ताचा वेग : सेकंदाला २.८ मीटरपेक्षा जास्त. ईएफ चांगला असताना चारपैकी तीन किंवा चारही गोष्टी मर्यादेबाहेर असतील तर सैल पडण्यात बिघाड आहे असं धरतात. दोनच असतील तर रिपोर्ट अनिर्णित समजायचा. एकच असेल किंवा एकही नसेल तर आराम करताना तरी बिघाड दिसत नाही.

तुमच्या पत्रासोबतच्या रिपोर्टमध्ये यांतलं काहीच लिहिलेलं नाही. फक्त ईएफ आहे आणि 'नो आरडब्ल्यूएमए', म्हणजे भिंतीचा कुठलाच भाग हलण्यात मागे नाही. म्हणजे तपासणी चुकली असं नाही, पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नाही. हृदयरोगतज्ज्ञांना ही मापं घेऊन इको पुन्हा करायला सांगा. सोबत ईसीजी, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि थायरॉइड बघा, कारण पांडुरोगानेही अशीच धाप लागते आणि मूत्रपिंडं बिघडली तरी पाणी साठतं. आराम करताना आकडे अधलेमधले आले तर झोपूनच सायकलचे पॅडल मारायला लावून तीच मापं पुन्हा घेता येतात. काही हृदयांचा बिघाड श्रम केल्याशिवाय दिसतच नाही.

आणि एक. रात्री दुसरी उशी लागू लागली, ही गोष्ट पुढच्या महिन्यावर टाकण्याची नाही. याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न : माझा रिपोर्ट म्हणतो 'ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन'. वय ६७, मधुमेह ६ वर्षं, त्रास काही नाही. शेजारच्यांनी हार्ट फेल्युअरची सुरुवात म्हणून घाबरवून सोडलं आहे. – रत्नागिरी

हार्ट फेल्युअर हे नाव लक्षणांशिवाय देत नाहीत. ग्रेड १ चा अर्थ स्नायू सैल पडायला उशीर लावतो आहे, पण आराम करताना भरण्याचा दाब वाढलेला नाही. साठी ओलांडलेल्या अनेकांत ई/ए (ए म्हणजे वरचा कप्पा आकसून शेवटी ढकलतो त्या रक्ताचा वेग) हे गुणोत्तर वयानेच ०.८ च्या खाली येतं, मधुमेह असो वा नसो. केवळ त्या एका गुणोत्तरावरून 'डिसफंक्शन' लिहून मोकळं होण्याची पद्धत चुकीची आहे, आणि ती फार पसरली आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये डावा वरचा कप्पा २८ मिली आणि ई/ई प्राइम ९ आहे. दोन्ही ठीक आहेत. बीपी, साखर, वजन आणि चालणं सांभाळा. ग्रेड २ किंवा ३ असतं, तर उत्तर वेगळं दिलं असतं. त्यात दाब वाढलेला असतो आणि औषधांचा विचार करावा लागतो.

रिपोर्टमधल्या 'ट्रिव्हियल एमआर' आणि 'माइल्ड टीआर' (मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपेतून उलट गळती) या शब्दांनीही घाबरू नका. झडपेतून एवढी किंचित गळती बऱ्याच निरोगी माणसांतही दिसते.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. मधुमेहाचे रुग्ण पुष्कळ आहेत, इकोसाठी ४० किलोमीटर जावं लागतं. सगळ्यांना पाठवू का? – एक डॉक्टर, नंदुरबार जिल्हा

सगळ्यांना नको. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या २०२३ मधल्या अहवालाप्रमाणे भारतात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे. प्रत्येकाला दरवर्षी इको हे शक्यही नाही आणि त्याने फायदा होतो असं सिद्धही झालेलं नाही.

लगेच पाठवायचे ते हे : धाप, पायावर सूज, रात्री झोपेतून दम लागून उठणं, कारण नसताना गळून गेल्यासारखं वाटणं, ईसीजीत जुन्या झटक्याच्या खुणा, लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक किंवा अनियमित ठोके, स्टेथोस्कोपला नवा मर्मर, कर्करोगाची काही औषधं झालेले. यांना रक्ततपासणीची वाट बघायला लावू नका.

लक्षणं नसलेल्यांसाठी चाळणी लागते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०२२ च्या सहमतीपत्रात वर्षातून एकदा बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी करायला सुचवलं आहे. बीएनपी ५० किंवा एनटी-प्रोबीएनपी १२५ पिकोग्रॅम प्रति मिली किंवा त्याहून जास्त असेल तर इकोला पाठवायचं. रक्त तुमच्या गावात काढून प्रयोगशाळेत पाठवता येतं, ४० किलोमीटरचा प्रवास मोजक्यांनाच पडतो. पैसे एवढेही नसतील तर ज्यांना मधुमेहासोबत जुनं बीपी, लघवीत अल्ब्युमिन किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांच्यापासून सुरुवात करा.

या चाळणीची भोकंही माहीत असू द्या. लठ्ठ माणसात हे आकडे खोटे कमी येतात, म्हणून १०० किलोच्या रुग्णाचा एनटी-प्रोबीएनपी ९० हा आकडा निर्धास्त करणारा नाही. उलट वय, मूत्रपिंडाचा विकार आणि एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके) यांनी आकडा हृदयाचा नवा बिघाड नसतानाही वर जातो.

चिठ्ठीवर नुसतं 'टूडी इको' लिहिलंत तर रिपोर्टही तसाच येईल. असं लिहा : 'मधुमेह १० वर्षं, धाप. कृपया बायप्लेन ईएफ, ई प्राइम, ई/ई प्राइम, डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमान, टीआरचा वेग, शक्य असल्यास जीएलएस, आणि तपासणीच्या वेळचं बीपी द्यावं.' दोन ओळी जास्त लिहिल्याने रुग्णाची दुसरी खेप वाचते. (जीएलएस म्हणजे काय, ते पुढे नागपूरच्या प्रश्नात आहे.)

शिबिरात हातात मावणाऱ्या छोट्या यंत्राने इको करावा का, असंही तुम्ही विचारलं आहे. पंपिंग फार कमी आहे का, हृदयाभोवती पाणी आहे का, झडपेची मोठी गळती आहे का, एवढं त्यावर कळतं. पण यांतल्या बऱ्याच यंत्रांत डॉप्लरचे वेग मोजण्याची सोय पुरेशी नसते, त्यामुळे सैल पडण्यातला बिघाड, म्हणजे मधुमेहात पहिल्यांदा बघायची गोष्टच, सुटून जाते. शिवाय अशा यंत्राचीही पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली नोंदणी लागते. शिबिरात ते नेण्याआधी परवानगी तपासून घ्या.

प्रश्न : बाबांचा इको नॉर्मल आला. म्हणजे ब्लॉकेज नाही ना? – ठाणे

तसं म्हणता येणार नाही. साध्या इकोत हृदयाचा स्नायू आणि झडपा दिसतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमधले अडथळे दिसत नाहीत. धमनी बरीच अरुंद झाली तरी आराम करताना स्नायूला पुरेसं रक्त मिळतं आणि भिंती नीट हलतात. अडथळा संशयाचा असेल तर श्रमाखालचा इको, सीटी अँजिओग्राफी किंवा अँजिओग्राफी यांतलं काय करायचं, ते डॉक्टर ठरवतात.

श्रमाखालच्या इकोत ट्रेडमिलवर चालवून किंवा शिरेतून डोब्युटामाइन देऊन ठोके वाढवतात. डोब्युटामाइन मिनिटाला दर किलो वजनामागे ५ मायक्रोग्रॅमपासून सुरू करून १०, २०, ३०, ४० असं दर तीन मिनिटांनी वाढवतात. ठोक्यांचं लक्ष्य २२० वजा वय याच्या ८५ टक्के. साठीच्या माणसासाठी १३६. ठोके वाढल्यावर एखादा भाग मागे पडला, कमी आकसला, तर त्या भागाच्या धमनीबद्दल संशय घेतात. पाय, गुडघे किंवा मधुमेहाने बधिर झालेले तळपाय यामुळे ट्रेडमिल जमत नसेल, त्यांना डोब्युटामाइनचा पर्याय चांगला.

मग प्रत्येक मधुमेही माणसाने ही तपासणी करून घ्यावी का? नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डायड अभ्यासात लक्षणं नसलेल्या १,१२३ मधुमेहींपैकी निम्म्यांची समस्थानिकांच्या स्कॅनने चाळणी केली, निम्म्यांची केली नाही. झटके आणि हृदयविकाराने मृत्यू यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही.

पण मधुमेहात नसा बधिर झाल्याने छातीत न दुखताच झटका येऊ शकतो, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. अचानक दरदरून घाम, दम, जबडा किंवा डाव्या हाताची कळ, ओकारी, विनाकारण गळून जाणं यांपैकी काही झालं तर इकोची वेळ ठरवत बसू नका. जवळचं ईसीजी यंत्र आणि ट्रोपोनिन तपासणी असलेलं रुग्णालय गाठा. काल काढलेला नॉर्मल इको त्या वेळी काही कामाचा नसतो.

प्रश्न : इकोला उपाशीपोटी जायचं का? इन्सुलिनचं काय? – इचलकरंजी

छातीवरून केल्या जाणाऱ्या साध्या इकोला उपाशी राहायचं नाही. नेहमीप्रमाणे जेवा, गोळ्या आणि इन्सुलिन वेळेवर घ्या. श्रमाखालच्या इकोला तीन-चार तास पोट रिकामं लागतं आणि अन्ननलिकेतून नळी घालून करायच्या इकोला किमान सहा तास. या दोन्हींसाठी सकाळचा पहिला नंबर मागा आणि त्या सकाळचं इन्सुलिन किती घ्यायचं ते आधी विचारून घ्या. उपाशीपोटी नेहमीचा डोस घेतला तर प्रतीक्षागृहातच साखर घसरते. बीटा ब्लॉकरची गोळी थांबवायची का, हेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पुढून उघडणारा सदरा किंवा ब्लाऊज घाला. डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली घेऊन झोपवतात, म्हणजे हृदय छातीच्या भिंतीला टेकतं आणि फुफ्फुस बाजूला सरकतं. 'श्वास सोडून थांबा' म्हटलं की खरंच पूर्ण सोडा. अर्धवट श्वासाने चित्र धूसर होतं. स्त्रियांनी स्त्री तंत्रज्ञ किंवा सोबतीला कुणी हवं असेल तर वेळ घेतानाच सांगावं. सगळी मापं घ्यायची तर २० ते ४० मिनिटं लागतात.

प्रश्न : मी इको तंत्रज्ञ आहे. मधुमेही रुग्णांचा जीएलएस आमच्याकडे उणे १५ येतो, तोच रुग्ण दुसरीकडे उणे १९. ईएफमध्येही ६ ते ८ चा फरक असतो. कुणाचं बरोबर? – नागपूर

ईएफमधला ५ ते १० अंकांचा फरक दोन निरीक्षकांत नेहमीच पडतो. म्हणून आधीच्या रिपोर्टमध्ये ६२ आणि आता ५७ आलं तर रुग्णाला 'पंपिंग घसरलं' असं सांगू नये. फरकाचं एक मोठं कारण म्हणजे कप्पा आखूड दिसणं. दुधी भोपळा मधोमध उभा चिरला तर पूर्ण लांबी दिसते. सुरी तिरकी गेली तर काप आखूड आणि टोक गोल, जाड दिसतं. टोकाकडून घेतलेल्या चित्रात हृदयाचं टोक असंच जाड आणि जोरजोरात आकसताना दिसत असेल तर समजा की प्रोब खऱ्या टोकावर नाही. एक बरगडी खाली आणि बाहेरच्या बाजूला सरका. चार कप्प्यांचं आणि दोन कप्प्यांचं, दोन्ही चित्रांत लांबी साधारण सारखी यायला हवी. ईएफ बायप्लेन पद्धतीने, म्हणजे या दोन्ही चित्रांवरून, काढा. झटका येऊन गेलेल्या रुग्णात एम-मोडच्या एका रेषेवरून ईएफ काढणं टाळा, कारण ती रेषा फक्त दोन भिंतींतून जाते.

जीएलएस हा स्नायू लांबीच्या दिशेने किती टक्के आकसतो त्याचा आकडा. नॉर्मल उणे २० च्या आसपास. उणे चिन्ह बाजूला ठेवून १६ ते १८ सीमारेषा, १६ पेक्षा कमी म्हणजे बिघाड. मधुमेहात ईएफ चांगला असतानाही हा कमी होतो, कारण लांबीच्या दिशेने धावणारे तंतू मुख्यतः आतल्या थरात असतात आणि रक्तपुरवठ्याची ओढाताण त्या थराला आधी जाणवते. म्हणूनच हा आकडा नीट काढणं आणि खोटा न काढणं, दोन्ही महत्त्वाचं.

उणे १५ आल्यावर आधी हे तपासा. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) ५० ते ८० मध्ये आहे का? सेक्टर अरुंद आणि खोली कमी केली की तो वाढतो. तिन्ही चित्रांत ठोक्यांचा वेग जवळपास सारखा आहे का? महाधमनीची झडप कधी बंद होते ती वेळ तीन कप्प्यांच्या चित्रातून आधी ठरवली का? ती चुकली तर सगळे आकडे सरकतात. रेखाटलेला पट्टा फार रुंद तर नाही ना? त्यात हृदयाभोवतीचं चकचकीत आवरण आलं की ते हलत नसल्याने जीएलएस खोटा कमी येतो. हा दोष तुमच्या आकड्यात असण्याची शक्यता सर्वांत जास्त. पट्टा भिंतीच्या जाडीपुरताच ठेवा आणि नंतर क्लिप चालवून डोळ्याने बघा : ठिपके स्नायूबरोबर चालतात का, की एका जागी अडकून बसतात? एका चित्रात दोनपेक्षा जास्त भाग नीट मागोवा घेत नसतील तर जीएलएस देऊच नका, 'चित्र अपुरं' असं लिहा. अनियमित ठोक्यांत किमान पाच ठोक्यांची सरासरी घ्या.

एवढं करूनही फरक राहिला तर दोन कारणं उरतात. वेगवेगळ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर वेगवेगळा आकडा देतं, म्हणून त्याच रुग्णाचा पाठपुरावा त्याच कंपनीच्या यंत्रावर करा. आणि बीपी : १७०/१०० वर घेतलेला जीएलएस १३०/८० पेक्षा कमीच येतो. बीपी न लिहिलेला जीएलएस पुढच्या वेळी तुलनेला निरुपयोगी ठरतो.

ई प्राइमसाठी सॅम्पलचा गेट (वेग मोजायची चौकट) ५ ते १० मिमी, झडपेच्या कड्यावर, आणि किरण भिंतीच्या हालचालीशी शक्य तितका समांतर. ई आणि ए साठी गेट १ ते ३ मिमी, मायट्रल झडपेच्या पाकळ्यांच्या टोकाशी. तो वर कड्याजवळ सरकला की ई कमी होतो आणि नसलेला ग्रेड १ तयार होतो. डायलिसिसवरच्या मधुमेहींत मायट्रलच्या कड्यावर कॅल्शियमचा थर असेल तर ई/ई प्राइमवर विसंबू नका.

प्रश्न : रिपोर्टमध्ये भिंत ११ मिमी लिहिली आहे. जाड आहे का? – कोल्हापूर

आहे, थोडी. स्त्रियांत ९ आणि पुरुषांत १० मिमीपर्यंत नॉर्मल. पण भिंतीचा एकटा आकडा पुरेसा नाही. मागच्या भिंतीची दुप्पट जाडी भागिले कप्प्याची रुंदी काढा : तुमच्या रिपोर्टप्रमाणे २२ भागिले ४४, म्हणजे ०.५. हे ०.४२ च्या वर असलं की कप्पा आतल्या बाजूने जाड होत चालला आहे असं समजतात. मधुमेहासोबत बीपी असल्यास हेच जास्त दिसतं. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वय ३४, सडपातळ. चार महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये दरवर्षी इको आहे. करू का? – पुणे

लक्षणं नाहीत, ईसीजी आणि बीपी ठीक असेल तर दरवर्षी गरज नाही. सडपातळ असल्यामुळे निर्धास्त मात्र होऊ नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की, वजन कमी दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचं प्रमाण जास्त असतं. तुमच्या वयात एलडीएल, बीपी, लघवीतलं अल्ब्युमिन आणि एचबीए१सी यांवर लक्ष ठेवणं इकोपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

प्रश्न : वडिलांचा ईएफ ३२ टक्के आला. डॉक्टरांनी पायोग्लिटाझोन बंद करून डापाग्लिफ्लोझिन सुरू केलं. साखर तर बरी होती, मग बदल का? आणि इको परत कधी? – नाशिक

बदल योग्य आहे. पायोग्लिटाझोन साखर चांगली उतरवतं, पण मीठ आणि पाणी शरीरात साठवून ठेवतं. अशक्त हृदयाला ते परवडत नाही. सॅक्साग्लिप्टिन या साखरेच्या दुसऱ्या गोळीबाबतही २०१३ च्या मोठ्या चाचणीत हार्ट फेल्युअरसाठी दाखल होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या मुळात साखरेसाठी आल्या, पण २०१९ च्या डापा-एचएफ चाचणीत मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही प्रकारच्या हार्ट फेल्युअर रुग्णांना डापाग्लिफ्लोझिनचा फायदा झाला. ईएफ चांगला असलेल्या हार्ट फेल्युअरमध्येही त्यांचा उपयोग २०२१ आणि २०२२ च्या चाचण्यांत दिसला आहे.

ही गोळी लघवीतून साखर बाहेर टाकते. त्यामुळे गुप्तांगाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. रोज स्वच्छ धुऊन कोरडं ठेवायला सांगा. उलट्या-जुलाब, कडक उपवास किंवा शस्त्रक्रिया असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी ती साधारण तीन दिवस बंद करतात. न थांबवल्यास साखर फारशी न वाढताही रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) साठतात. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्यांनी हे आधीच बोलून ठेवावं.

ईएफ कमी असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये साधारण चार गटांची औषधं लागतात : सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन किंवा त्याच्या जातीचं दुसरं औषध, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि हे डापाग्लिफ्लोझिन. डोस हळूहळू वाढवत नेतात, दरम्यान पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासतात. पुढचा इको पूर्ण डोसवर तीन महिने झाल्यावर. तीन महिन्यांनीही ईएफ ३५ किंवा त्याखाली राहिला तर छातीत बसवायच्या आयसीडीचा प्रश्न पुढे येतो. ते यंत्र ठोक्यांमधली जीवघेणी अनियमितता ओळखून विजेचा झटका देतं. दर पंधरा दिवसांनी इको काढून ईएफ दोन अंकांनी वाढला की घटला हे बघण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन करा.

तीन महिन्यांनी शक्यतो त्याच केंद्रात जा. जुन्या इकोचा कागदच नाही, तर सीडी किंवा पेनड्राइव्हवर क्लिपही मागून घ्या आणि सोबत न्या. त्या शेजारी लावून बघितल्याशिवाय खरा फरक कळत नाही.